पडत्या ठोकळ्यांची ओढ

पडत्या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेमचा नियम एका दमात सांगून संपतो. उभ्या चौकटीत वरून एकामागून एक ठोकळे खाली येतात. खेळाडू त्यांना डावीउजवीकडे सरकवतो, हवे तर फिरवतो. तळाशी एखादी आडवी ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरली की ती नाहीशी होते आणि वरचा ढीग तेवढा खाली बसतो. ढीग चौकटीच्या माथ्याला टेकला की डाव संपला. यात गोष्ट नाही, पात्रे नाहीत, मारायला शत्रू नाही आणि गाठायला मुक्कामही नाही. सोव्हिएत काळातल्या मॉस्कोत १९८४ साली टेट्रिस तयार झाला, तेव्हापासून या प्रकारातले असंख्य खेळ आले, यंत्रांच्या कित्येक पिढ्या बदलल्या. पण ‘आणखी एक डाव’ म्हणून पुन्हा बटणाकडे जाणारे बोट काही बदललेले नाही.

या ओढीची कारणे सांगताना रंग, संगीत, गुण, व्यसन असे बरेच काही सांगितले जाते. त्यातले प्रत्येक थोडेथोडे खरे आहे. पण मुळाशी आहे तो वेळ, म्हणजे एक ठोकळा वरून तळाशी यायला लागणारा अवधी. या अवधीत एक निर्णय बसतो, दोन बसत नाहीत. विचार करायला पुरेल इतका तो मोठा असतो आणि विचार बदलायला पुरणार नाही इतका लहान. बाकीचे सगळे, म्हणजे आकार, ओळी आणि गुण, या अवधीभोवती रचलेले आहे. म्हणूनच खेळाची ओळख करून घेताना हा अवधी आला कुठून, हे आधी पाहावे लागते.

पेंटोमिनो नावाचे जुने लाकडी कोडे आहे. पाच सारखे चौकोन कडेला कड लावून जोडले की १२ वेगवेगळे आकार तयार होतात. अमेरिकी गणितज्ञ सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ मध्ये अशा आकारांना नाव दिले आणि त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. बारा तुकडे मिळून ६० घरे होतात. सहा बाय दहाच्या पेटीत ते २,३३९ प्रकारे बसतात, आणि तरी पहिल्यांदा हात घालणाऱ्याला त्यातला एकही प्रकार सापडता सापडत नाही. हे कोडे शांत असते. पेटी समोर पडून राहते, तुकडे आज लावा नाहीतर उद्या लावा, ते कुठे पळून जात नाहीत.

मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांना या कोड्याचा नाद होता. त्यांच्या वाट्याला आलेला इलेक्ट्रोनिका ६० हा संगणक चित्रे काढू शकत नसे. पडद्यावर फक्त अक्षरे आणि चिन्हे उमटत. त्यामुळे ठोकळ्याचे प्रत्येक घर चौकोनी कंसांच्या जोडीने दाखवावे लागले. पाच घरांच्या १२ तुकड्यांऐवजी त्यांनी चार घरांचे तुकडे घेतले. ते उलटता येत नाहीत, फक्त फिरवता येतात, असे धरले तर त्यांची संख्या सात होते: एक लांब दांडी, एक चौकोन, एक टी, एकमेकांची आरशातली रूपे असलेले दोन एल, आणि तसेच दोन नागमोडी. सात ही संख्या डोक्यात सहज मावते. खेळ सुरू केल्यावर पाच मिनिटांत सातही आकार ओळखीचे होतात आणि त्यांच्याकडे निरखून पाहण्याची गरज उरत नाही. बारा असते तर तसे झाले नसते.

मग पाजित्नोव यांनी तुकडे वरून खाली पडू दिले. कोड्यात घड्याळ शिरले ते इथे. पण नुसते पडू देऊन भागले नाही. काही सेकंदांतच चौकट भरून खेळ संपू लागला. भरलेली ओळ तशीच ठेवण्यात काही अर्थ नाही, तिच्याशी आता कोणाला काही करायचे नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि भरली की ती पुसून टाकण्याचा नियम आला. जागा वाचवण्यासाठी काढलेली ही युक्ती खेळाचा प्राण ठरली. पेंटोमिनोत पेटी भरणे हा शेवट असतो. टेट्रिसमध्ये भरणे म्हणजे पुन्हा रिकामे होणे. कोडे सुटते, लगेच पुन्हा पडते, आणि ते कधीच पूर्ण सुटत नाही.

पाजित्नोव यांचे सहकारी दिमित्री पाव्लोव्स्की आणि त्या वेळी जेमतेम सोळा वर्षांचा असलेला वादिम गेरासिमोव यांच्या मदतीने खेळ आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर आला, त्याला रंग मिळाले. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकला होत तो मॉस्कोभर आणि पुढे सोव्हिएत संघाबाहेर पसरला. त्यासाठी कोणी पैसे मोजले नाहीत, जाहिरातही कोणी केली नाही.

चार घरांच्या या सात तुकड्यांत एक खोड दडलेली आहे आणि तिच्याकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. सातही तुकडे एकेकदा घेतले तर २८ घरे होतात. चार बाय सातचा आयतही २८ घरांचा. तरी हे तुकडे त्या आयतात कधीच बसत नाहीत. आयत बुद्धिबळाच्या पटासारखा काळापांढरा रंगवला की कारण उघड होते. सहा तुकडे कुठेही, कसेही ठेवले तरी प्रत्येकी दोन काळी आणि दोन पांढरी घरे झाकतात. टी मात्र एका रंगाची तीन आणि दुसऱ्या रंगाचे एक झाकतो. पटावर दोन्ही रंग चौदाचौदा, तुकड्यांचा हिशेब पंधरा आणि तेरा. गणित जमत नाही म्हणून तुकडेही जमत नाहीत. खेळणाऱ्याला हा पुरावा माहीत नसतो, पण त्याची झळ त्याच्या बोटांना लागते. रचना अगदी सपाट होत आली की नेमका असा तुकडा येतो की तो कुठेही ठेवला तरी एखादे टोक वर राहते. नागमोडी तुकडे याबाबत सर्वांत खट्याळ. सपाट जमिनीवर ते ठेवले की त्यांच्या पोटाखाली एक घर रिकामे राहते, आणि झाकलेले रिकामे घर म्हणजे त्या ओळीला कुलूप.

फडताळात डबे लावताना एखादा डबा बरोबर फटीत बसला की जे बरे वाटते, ते जवळपास प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. पडत्या ठोकळ्यांचा खेळ ही भावना दर दोन-तीन सेकंदांनी पुरवतो. बसलेला तुकडा दिसतो, ओळ लुकलुकते, नाहीशी होते. मात्र या सुखाला दुसरी बाजू आहे आणि तीच जास्त चिवट आहे. नीट केलेले काम पडद्यावरून निघून जाते. चुकलेले तेवढे समोर राहते. डाव कुठल्याही क्षणी थांबवून पाहिला तर चौकटीत दिसतात ती बहुतेक खेळाडूने केलेली भोके आणि अर्धवट राहिलेल्या ओळी. अपुरे काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त आठवणीत राहते, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या प्रयोगांतून मांडले होते. त्यांच्या निष्कर्षावर पुढे वाद झाले, पण टेट्रिस खेळणाऱ्याला तो पटवून देण्याची गरज पडत नाही. त्याच्यासमोर कायम अपुऱ्या कामाचाच ढीग असतो आणि तो त्याने स्वतःच घातलेला असतो. दोष द्यायला दुसरे कोणी नाही.

आता पुन्हा त्या अवधीकडे. बटणांवरची बोटे या वेळात नक्की काय करतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या शाखेतल्या डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी तपासले. त्यांचा शोधनिबंध १९९४ मध्ये आला. तर्काने पाहिले तर खेळाडूने आधी मनात ठोकळा फिरवून पाहावा, जागा ठरवावी, मग लागेल तेवढीच बटणे दाबावीत. प्रत्यक्षात सरावलेले खेळाडू गरजेपेक्षा जास्त वेळा ठोकळा फिरवतात. कारण मनात आकार फिरवण्यापेक्षा पडद्यावर फिरवून पाहणे लवकर होते. काही जण ठोकळा मुद्दाम भिंतीपर्यंत नेऊन परत आणतात. कडेपासून घरे मोजली की तो नेमक्या कोणत्या रांगेत उतरणार याची खात्री पटते. जागा गाठण्याच्या दृष्टीने ही हालचाल वाया गेलेली, पण विचाराच्या दृष्टीने ती वाचलेली. कर्श आणि मॅग्लिओ यांनी या निरीक्षणावरून माणूस हातांनीही विचार करतो, असे दाखवले. ठोकळ्यांच्या खेळात तल्लीन झालेल्या माणसाला ‘मी विचार करतो आहे’ असे जाणवतच नाही, त्याचे कारण बरेचसे इथे सापडते.

सरावाने मेंदूवरचा भार हलका होतो, असेही दिसले आहे. रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, काही आठवडे रोज टेट्रिस खेळल्यावर लोकांचे गुण खूप वाढले, पण खेळताना मेंदू वापरत असलेली साखर मात्र कमी झाली. खेळ जसा सोपा वाटू लागतो तसा तो वेग वाढवतो. ठरावीक ओळी गेल्या की ठोकळे जरा जास्त जलद पडू लागतात आणि खेळाडू पुन्हा आपल्या कुवतीच्या काठावर येतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने कौशल्य आणि आव्हान तोलामोलाचे असताना येणाऱ्या तल्लीनतेचे वर्णन केले आहे. हा तोल इतक्या स्वस्तात, एका आकड्याच्या फेरफाराने, साधणारा दुसरा खेळ क्वचितच सापडेल.

गुणांची पद्धत या सगळ्यात लोभ घालते. निन्तेन्दोच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत खालच्या पातळीवर एक ओळ घालवली तर ४० गुण, दोन एकदम घालवल्या तर १००, तीन घालवल्या तर ३०० आणि चार एकदम घालवल्या तर १,२०० मिळतात. चार ओळी एकेक करून घालवणाऱ्याच्या पदरात १६० पडतात. त्याच चार ओळी एका फटक्यात घालवणाऱ्याला त्याच्या साडेसातपट. चार ओळी एकदम घालवू शकणारा तुकडा एकच, लांब दांडी. म्हणून खेळाडू एका कडेला एक रांग मुद्दाम रिकामी ठेवून बाकीचा ढीग चढवत नेतो आणि दांडीची वाट बघतो. ढीग जितका वर तितका धोका जास्त. दांडी येत नाही, नागमोडी येतात, पुन्हा नागमोडी येतात, आणि सुरक्षित खेळून मोकळे व्हावे की आणखी एक तुकडा थांबावे, हा प्रश्न प्रत्येक सेकंदाला नव्याने उभा राहतो. जुगाराची चव आहे ती इथेच. फरक एवढाच की इथे पणाला लागलेले असते ते स्वतःच रचलेले काम.

खेळ थांबवल्यावरही तो थांबत नाही, याचा अनुभव पुष्कळांना येतो. डोळे मिटले की आकार पडताना दिसतात, इमारतींच्या गच्च्यांमधल्या फटी भरण्याजोग्या वाटू लागतात. याला ‘टेट्रिस इफेक्ट’ म्हणतात. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या २७ खेळाडूंमध्ये स्मृतिभ्रंश झालेले पाच जण होते. आपण हा खेळ खेळलो हेही त्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नसे, आणि तरी त्यातल्या तिघांनी झोप लागता लागता पडणारे आकार दिसल्याचे सांगितले. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण उपयोगात आणण्याचा प्रयत्न केला. भीषण दृश्ये मनात पुन्हा पुन्हा येण्यासाठी दृश्य-स्मृतीला जागा लागते; ती जागा ठोकळ्यांनी व्यापली तर काय होईल, असा त्यांचा प्रश्न होता. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात वाहन अपघातानंतर दाखल झालेल्या ७१ रुग्णांवरच्या चाचणीत, अपघाताची आठवण जागवून नंतर काही वेळ टेट्रिस खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात तसे प्रसंग कमी वेळा डोळ्यांसमोर आले. यावरून टेट्रिस हे औषध आहे असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. मात्र हा खेळ मनाचा कोणता कोपरा अडवतो, हे यातून नेमके कळते.

या खेळात जिंकता येते का, हा प्रश्न गणितज्ञांनीही सोडलेला नाही. हायडी बर्गिएल यांनी १९९७ मध्ये दाखवले की दहा घरे रुंदीच्या चौकटीत डावे आणि उजवे नागमोडी तुकडे आळीपाळीने येत राहिले तर ७०,००० तुकड्यांच्या आत कोणाचाही डाव संपतो, मग खेळाडू कितीही हुशार असो. तुकडे खरोखर यदृच्छेने येत असतील तर अनंत काळात कधीतरी अशी माळ येणारच. म्हणजे तत्त्वतः हार ठरलेली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या एरिक डिमेन, सुझन होहेनबर्गर आणि डेव्हिड लिबेन-नोवेल यांनी २००२ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध केली. येणाऱ्या सगळ्या तुकड्यांची यादी आधीच हाती दिली तरी जास्तीत जास्त ओळी कशा घालवाव्यात हे ठरवणे संगणकासाठीही अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडते. नव्या अधिकृत आवृत्त्यांत सातही तुकड्यांचा एक संच मिसळून दिला जातो आणि तो संपला की दुसरा. त्यात नागमोड्यांची लांब माळ येऊच शकत नाही आणि दांडीही फार काळ रुसत नाही. खेळ अधिक न्याय्य झाला खरा, पण दांडीची वाट पाहण्यातली तगमग बरीच कमी झाली. जुन्या आवृत्तीचे चाहते या बदलाला नाके मुरडतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

जुनी निन्तेन्दो आवृत्ती कुठपर्यंत खेळता येते याची कथा तर खेळाइतकीच लांबली. २९ व्या पातळीवर ठोकळा सेकंदाला ६० घरे पडतो. २० घरांची उंची तो एक तृतीयांश सेकंदात संपवतो. बटण दाबून धरले तरी तो कडेला पोचण्याआधी तळाला टेकतो, म्हणून इथे खेळ संपला असेच अनेक वर्षे मानले गेले. मग खेळाडूंनी अंगठा थरथरवून बटण झपाट्याने दाबण्याची आणि पुढे कंट्रोलरच्या पाठीवर बोटे ओळीने आपटण्याची पद्धत काढली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातला १३ वर्षांचा विलिस गिब्सन १५७ व्या पातळीला पोचला तेव्हा यंत्रच गोठले. ३४ वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमला तो पुढचा हिशेब झेपला नाही.

या खेळाच्या हक्कांवरून झालेली भांडणे हा वेगळ्याच पुस्तकाचा विषय आहे. रॉबर्ट स्टाइन या दलालाने नीट करार होण्याआधीच हक्क विकले. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सरकारच्या एलोर्ग या संस्थेच्या दारात मॉस्कोत तीन दावेदार एकाच वेळी येऊन ठेपले. त्यांतल्या हेंक रॉजर्स यांनी निन्तेन्दोसाठी हातातल्या यंत्रांचे हक्क मिळवले. खुद्द पाजित्नोव यांच्या हाती मात्र १९९६ पर्यंत मानधन असे जवळपास काही पडले नाही. वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा परिणाम एकच: १९८९ मध्ये अमेरिकेत गेम बॉय बाजारात आला तेव्हा टेट्रिस त्याच्या खोक्यातच होता. दोन्हीचा जोड अचूक होता. लहान पडदा, करडा रंग, कधीही सुरू आणि कधीही बंद. गेम बॉयवर चौकटीची उंची १८ घरांवर आली, पण कोणाची तक्रार आली नाही. या एका आवृत्तीच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या.

भारतात गेम बॉय फार थोड्यांच्या हाती पडला. महाराष्ट्रातल्या मुलांना हा खेळ भेटला तो चिनी बनावटीच्या ‘ब्रिक गेम’मधून, नव्वदच्या दशकात. जत्रेत, बस स्थानकाबाहेरच्या खेळण्यांच्या दुकानात आणि मुंबईच्या पदपथांवर तो सर्रास मिळे. खोक्यावर ‘९९९९ इन वन’ असे ठसठशीत छापलेले असे. आत खरे खेळ मोजकेच, बाकी त्यांचेच वेग आणि पातळ्या बदललेले अवतार. पडद्यावर दहा बाय वीस घरांची जाळी होती आणि तिच्यावर काळे चौकोन उमटत. त्याच चौकोनांतून मोटारीची शर्यत, साप आणि गोळीबारही दाखवावा लागे, पण जाळी मुळात ठोकळ्यांच्या मापाची, आणि तिच्यावर शोभून दिसे तो ठोकळ्यांचाच खेळ. पेन्सिल सेल उतरू लागले की पडदा फिका पडे. अनेक मराठी घरांत आजी-आजोबांनी हातात धरलेला पहिला व्हिडिओ गेम हाच असेल, कारण त्याला वाचावे लागत नाही आणि समजावूनही सांगावे लागत नाही.

टेट्रिसनंतर आलेल्या खेळांनी मूळ कल्पनेचा एकेक धागा उचलला. कॉलम्समध्ये आकाराऐवजी रंग जुळवायचे, डॉक्टर मारिओत गोळ्यांनी विषाणू घालवायचे. जपानच्या कंपाइल कंपनीच्या पुयो पुयोने (१९९१) एक जुळणी झाल्यावर वरचे थेंब कोसळून दुसरी, त्यातून तिसरी, अशी साखळी आणली आणि तिचा मलबा प्रतिस्पर्ध्याच्या चौकटीत टाकायची सोय केली. एकट्याचा खेळ असा दोघांचा झाला. तेत्सुया मिझुगुची यांच्या २००४ च्या ल्युमिनेसमध्ये संगीताचा ताल चौकट पुसत जातो. कँडी क्रशमध्ये तुकडे वरून पडतात खरे, पण खेळाडूला घाई नसते. वेळ काढून घेतला की या प्रकारातले काय निघून जाते, हे पाहायला तो चांगला नमुना आहे. अलीकडचा सुइका गेम फळे टाकून त्यांचे मोठे फळ करायला लावतो. गोल फळे हवी तिथे थांबत नाहीत, घरंगळतात, आणि त्यामुळे जुना अवधी नव्या रूपात परत येतो. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये पहिल्यांदाच व्हिडिओ गेम संग्रही घेतले तेव्हा निवडलेल्या १४ मध्ये टेट्रिस होता.

या प्रकाराशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याने दहा बाय वीसच्या साध्या टेट्रिसपासूनच सुरुवात करावी. ठोकळा बाजूला राखून ठेवण्याची किंवा तळाला टेकल्यावरही फिरवत राहण्याची सोय देणाऱ्या आवृत्त्या नंतर पाहाव्यात. त्या अवधी सैल करतात. ढीग सपाट ठेवावा, उजवीकडची रांग दांडीसाठी मोकळी सोडावी, आणि भोक पडलेच तर त्यावर आणखी ठोकळे चढवण्याआधी वरच्या ओळी भरून घालवाव्यात. पुढचा ठोकळा दाखवणारा कोपरा मात्र चालू ठेवायला हरकत नाही. तो १९८९ च्या गेम बॉयवरही होता.